भरवशाचा गहू

दर वर्षी डिसेंबरात 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी वर्तमानपत्रांत येते. हा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरच्या तापमापकातला. लोक ती बातमी द्राक्षबागांच्या काळजीनं वाचतात आणि ते बरोबरच आहे. गव्हाच्या अंगानं वाचली, तर मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान हे आपल्याकडचे नावाजलेले वाण याच केंद्राचे. म्हणजे राज्यातल्या अतिथंड कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यात वाढवलेलं बियाणं पुढे अकोला, परभणी, जळगावच्या रानांत जातं. तिथे थंडी उशिरा येते आणि फेब्रुवारी लागला की काढता पाय घेते.

ही टीका नव्हे. वाण काही एकाच केंद्रावर पारखले जात नाहीत. पुणे, धारवाड, अकोला, परभणी अशा अनेक ठिकाणी ते शेजारी-शेजारी पेरले जातात, तेव्हा कुठे शिफारस होते. पण 'हा वाण चांगला आहे' हे वाक्य अर्धवट असतं, ते कसं, हे या एका उदाहरणावरून कळतं. कुठे चांगला? कधी पेरला तर? किती पाण्याच्या पाळ्यांवर? या तीन प्रश्नांची उत्तरं वाणागणिक बदलतात. वाणाच्या उत्पादनाची स्थिरता म्हणतात ती यातूनच मोजायची असते.

गव्हाला वाढीच्या काळात साधारण ७ ते २१ अंश तापमान मानवतं. दाणे भरताना ते २५ अंशांच्या आसपास राहिलं, तर दाणा टपोरा होतो. पंजाबात या पिकाला एकशे चाळीस-दीडशे दिवस मिळतात, आपल्याकडे एकशे पाच ते एकशे वीस. त्यामुळे आपल्या गव्हाजवळ चुकायला जागाच नाही. बागायत वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जिरायत त्याआधी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, आणि उशिराची पेरणी १५ डिसेंबरपर्यंत. १५ नोव्हेंबरनंतरच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरा, असं शिफारशींत वर्षानुवर्षं छापलेलं असतं. हा आकडा सरासरीचा आहे. एखादा वाण पंधरवड्याला चार क्विंटल गमावतो, एखादा एकच. वाण निवडताना खरी किंमत या फरकाला आहे आणि पिशवीवर नेमका तोच नसतो.

आता एक हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, पण वागणूक ओळखीची वाटेल. समजा तीन वाण चार परिस्थितींत पेरले: जिरायत, एका पाण्यावर, उशिरा पण पूर्ण बागायत, आणि वेळेवर पूर्ण बागायत. तिन्ही वाणांची मिळून सरासरी या चार ठिकाणी हेक्टरी २०, ३०, ४० आणि ५० क्विंटल आली. पहिल्या वाणानं दिले २६, ३२, ३७, ४१. दुसऱ्यानं १४, २८, ४२, ६०. तिसऱ्यानं २०, ३०, ४१, ४९. सरासऱ्या अनुक्रमे ३४, ३६ आणि ३५. जाहिरात करायची तर दुसरा वाण जिंकला. तोच वाण जिरायत रानात चौदा क्विंटलवर येतो, हे सरासरी सांगत नाही.

१९६३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी २७७ बार्ली वाणांवर काम करताना एक साधी युक्ती वापरली. जागा कशी आहे हे त्यांनी तिथल्या सगळ्या वाणांच्या सरासरी उत्पादनावरून ठरवलं आणि एकेक वाण त्या पट्टीवर कसा चढतो ते पाहिलं. १९६६ मध्ये एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात भर घातली: चढ किती आहे, म्हणजे जागेची सरासरी एक क्विंटलनं वाढली की वाण किती वाढतो, एवढ्यावर थांबू नका, वाण त्या चढाच्या रेषेपासून किती भरकटतो तेही मोजा. वरच्या हिशेबात परिस्थितीचे निर्देशांक, म्हणजे त्या ठिकाणची सरासरी वजा एकूण सरासरी ३५, होतात उणे १५, उणे ५, अधिक ५, अधिक १५. प्रत्येक उत्पादनाला त्याच्या निर्देशांकानं गुणायचं, बेरीज करायची आणि निर्देशांकांच्या वर्गांच्या बेरजेनं, म्हणजे ५०० नं, भागायचं. पहिल्या वाणाचा चढ येतो ०.५०, दुसऱ्याचा १.५२, तिसऱ्याचा ०.९८. चढ एकच्या आसपास, सरासरी चांगली आणि रेषेपासून भरकटणं नगण्य, असा वाण स्थिर मानायची पद्धत आहे. म्हणजे पुस्तकी उत्तर तिसरा वाण.

मला मात्र या हिशेबातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. पहिल्या आणि दुसऱ्या वाणाच्या रेषा एकमेकींना कुठे छेदतात? आकडेमोड केली तर साधारण ३३ क्विंटलवर. ज्या रानात एरवी तेहतिसाच्या खालीच गहू येतो, तिथे पहिला वाण लावावा. ज्याचं रान त्याच्या वर जातं, त्यानं दुसरा. महाराष्ट्राची गव्हाची सरासरी हेक्टरी वीसच्या आसपास घुटमळते, हे ध्यानात घेतलं की साठ क्विंटलचा वाण कोणासाठी हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आणि नेमक्या याच ठिकाणी चाचण्यांचं एक दुखणं आहे. संशोधन केंद्राच्या वाफ्यांत तण नसतं, खत वेळेवर पडतं, पाणी चुकत नाही. त्यामुळे तिथली 'वाईट' परिस्थितीसुद्धा अनेकांच्या चांगल्या रानाइतकी असते. पस्तीस ते साठ क्विंटलच्या टापूत काढलेली रेषा खाली पंधरा क्विंटलपर्यंत ओढून नेणं हा मग नुसता अंदाज उरतो.

स्थिरता हा शब्द स्वतःही थोडा लबाड आहे. सगळीकडे बारा क्विंटल देणारा वाण आकडेशास्त्राच्या एका व्याख्येनं अत्यंत स्थिर ठरतो, कारण त्याचा चढ जवळजवळ शून्य असतो. असा वाण कुणाला हवा? म्हणून लिन आणि बिन्स यांनी १९८८ मध्ये वेगळं माप सुचवलं. प्रत्येक ठिकाणच्या सर्वोत्तम वाणापेक्षा आपला वाण किती मागे राहिला, त्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ठिकाणांच्या दुपटीनं भागायचं. आकडा जितका लहान तितका वाण चांगला. वरच्याच आकड्यांना हे माप लावलं तर पहिला वाण ४८.२५, दुसरा २०, तिसरा २०.२५. जिरायतीत सगळ्यांत भरवशाचा असलेला पहिला वाण इथे शेवटचा ठरतो, कारण चांगल्या रानात त्यानं एकोणीस क्विंटल हातचे घालवले. एकाच तक्त्यातून दोन मापांनी दोन निकाल निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. एक माप धोका मोजतं, दुसरं गमावलेली संधी. कर्ज काढून पेरणाऱ्या जिरायतदाराला पहिलं माप महत्त्वाचं, विहिरीला बारमाही पाणी असलेल्याला दुसरं. पुढच्या काळात अम्मी, जीजीई असली चित्रमय विश्लेषणं आली. 'कोणत्या ठिकाणी कोण जिंकला' हे ती एका नजरेत दाखवतात. मूळ प्रश्न मात्र त्यांनी सुटत नाही.

तो मूळ प्रश्न असा: रान वीस क्विंटलचं का झालं? पाणी कमी पडलं म्हणून, पेरणी लांबली म्हणून, की तांबेरा हा बुरशीचा रोग आला म्हणून? निर्देशांकाच्या पट्टीवर ही तिन्ही रानं एकाच खुणेवर बसतात, पण गव्हाच्या दृष्टीनं ती तीन वेगळी संकटं आहेत. पाण्याच्या ताणात तग धरणारा वाण उष्णतेत तग धरेलच असं नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्याकडे गव्हाची 'परिस्थिती' जिल्ह्यावरून ठरवूच नये; पेरणीची तारीख आणि पाण्याच्या पाळ्या यांवरून ठरवावी. एकाच शिवारात सोयाबीन काढून ५ नोव्हेंबरला पेरलेला गहू असतो, कपाशीची शेवटची वेचणी होईस्तोवर थांबून १० डिसेंबरला पेरलेला असतो, आणि पाटाचं आवर्तन चुकल्यामुळे दोनच पाण्यांवर निघालेलाही असतो. नकाशावर हे तिघे एका ठिपक्यात येतात. निफाड आणि अकोला यांच्यात नसेल एवढं अंतर त्यांच्यात असू शकतं.

संकट कोणतं होतं, हे गहू स्वतःच सांगतो, फक्त मोजावं लागतं. उत्पादन तीन गोष्टींचा गुणाकार असतो: चौरस मीटरमधल्या ओंब्या, ओंबीतले दाणे आणि दाण्याचं वजन. ४०० ओंब्या, ओंबीला ३५ दाणे आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम असेल, तर चौरस मीटरला ५६० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ५६ क्विंटल. २५० ओंब्या, ३० दाणे आणि ३६ ग्रॅम असेल तर २७ क्विंटल. दोन ओळींत वीस सेंटिमीटर अंतर असेल, तर एका ओळीची पाच मीटर लांबी म्हणजे एक चौरस मीटर. तेवढ्या ओंब्या मोजायला दहा मिनिटं पुरतात.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी ठरतात. मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, फुटतात अठराव्या ते एकविसाव्या दिवशी. त्या वेळचं पाणी चुकलं की फुटवे कमी आणि ओंब्या कमी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कांडी धरते, तेव्हा ताण बसला तर आलेले फुटवेही मरतात आणि आतल्या आत तयार होणारी ओंबी तोकडी राहते. पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत दाण्यांची संख्या पक्की होते. त्यानंतर राहतं फक्त वजन. दाणे भरताना उष्णता वाढली तर दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. पिष्ट साठण्याचा वेग थोडा वाढतो, पण घटलेल्या दिवसांची भरपाई होण्याइतका नाही, आणि दाणा सुरकुततो. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेत हेच झालं. नोंदी ठेवायला लागल्यापासून, म्हणजे १२२ वर्षांतला, देशाचा तो सर्वांत उष्ण मार्च होता. ओंब्या भरपूर होत्या, दाणा हलका निघाला, आणि १३ मे रोजी सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. आपल्याकडचा गहू तोवर घरात आलेला असतो. आपला मार्च फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होतो.

स्थिर वाण या तीन गोष्टींत आपसांत भरपाई करतो. फुटवे कमी आले तर ओंबी लांबवतो, दाणे कमी धरले तर वजन वाढवतो. ज्याचं सगळं उत्पादन एकाच गोष्टीवर, समजा केवळ फुटव्यांच्या गर्दीवर, उभं आहे, तो मुकुटमुळांच्या वेळचं एक पाणी चुकलं की कोसळतो. पाणी मोजकंच असेल तर पाळ्या कुठे द्यायच्या, याची शिफारसही याच हिशेबातून येते: एकच पाणी असेल तर चाळीस-बेचाळीस दिवसांनी, दोन असतील तर वीस-बावीस आणि साठ-पासष्ट दिवसांनी, तीन असतील तर वीस-बावीस, चाळीस-बेचाळीस आणि साठ-पासष्ट. एकच पाणी मुकुटमुळांना का देत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. ते दिलं तर फुटव्यांची झुंबड उडते आणि पुढे त्या सगळ्यांना पोसायला ओल उरत नाही.

लवकर येण्याचाही स्थिरतेत मोठा वाटा आहे, आणि याचं आपल्या भागातलं ठळक उदाहरण म्हणजे लोक-१. गुजरातमधल्या सणोसरा गावच्या लोकभारती या ग्रामीण शिक्षणसंस्थेत निवडलेला हा वाण. त्याच्या आईबापांपैकी एक सोनालिका हा वाण. तांबेऱ्याला तो बळी पडतो, त्याच्यापेक्षा जास्त उत्पादन देणारे वाण कितीतरी आले, तरी बाजारात तो टिकून राहिला. कारण दाणा टपोरा, पोळीला पसंती, आणि उशिरा पेरला तरी उन्हं तापायच्या आत पळून निघणं. शेतकरी जुन्यालाच चिकटून बसतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सोनालिकाच्या मागे जायचं तर मेक्सिकोत पोचावं लागतं. तिथे गव्हाचे नवे वाण तयार करणारे नॉर्मन बोरलॉग वर्षाला एकाऐवजी दोन पिढ्या मिळाव्यात म्हणून बियाणं दोन ठिकाणी नेत-आणत. हिवाळ्यात सोनोरा प्रांतातल्या सिउदाद ओब्रेगोनजवळ, जवळपास समुद्रसपाटीला. उन्हाळ्यात तोलुकात, २,६०० मीटरवर. वेळ वाचवणं एवढाच हेतू. पण दोन्हीकडे जगलेली झाडंच पुढे नेली गेल्यामुळे दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारा गहू निवडला गेला. जुने गहू दिवस मोठा झाल्याशिवाय निसवत नसत; हे नवे कुठेही, वेळेत निसवत. भारतानं १९६६ मध्ये तिथून १८,००० टन बियाणं आणलं ते पेरता आलं, त्यामागे हा गुण होता. बुटकेपणाचं जितकं कौतुक झालं तितकं याचं झालं नाही.

बुटकेपणाची किंमत जिरायतीत मोजावी लागते. ज्या जनुकांनी ताट बुटकं होतं, त्यांनी कोंबाचं टोपणही, म्हणजे कोंबाला मातीतून वर नेणारं आवरणही, आखूड होतं. बागायतीत बी पाच-सहा सेंटिमीटरवर पडतं, तिथे अडचण येत नाही. काळ्या रानात ओल खाली गेली म्हणून बी खोल सोडलं, की बुटक्या वाणाचा कोंब वर येईपर्यंत दमतो आणि उगवण विरळ होते. पुढे सगळा दोष वाणाला. जिरायतीसाठी पंचवटीसारखे बन्सी, म्हणजे कठीण दाण्याच्या, गटातले वाण वेगळे का ठेवतात आणि नेत्रावतीसारख्या वाणाची शिफारस मोजक्या पाण्यासाठी स्वतंत्र का करतात, याचं उत्तर अशा बारकाव्यांत आहे.

या साऱ्या स्थिरतेला एक मोठा अपवाद आहे: तांबेरा. बाकी हवामान दर वर्षी साधारण ओळखीच्या मर्यादेत हलतं. तांबेऱ्याची बुरशी स्वतःच बदलते. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तिचे बीजाणू मरतात आणि दर वर्षी ते डोंगरांवरून नव्यानं येतात. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवरून. १९९५ मध्ये प्रसारित झालेला पीबीडब्ल्यू ३४३ हा उत्तरेतला वाण लाखो हेक्टरांवर पसरला होता, सगळ्या मापांनी भरवशाचा. पिवळ्या तांबेऱ्याचा नवा प्रकार आला, वाणातलं वायआर २७ हे एक प्रतिकारक जनुक निकामी झालं, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा. कोणताही स्थिरतेचा आकडा झालेल्या हंगामांबद्दल बोलतो. बुरशीच्या पुढच्या चालीबद्दल त्यात काही नसतं. याच्या उलट टोकाला आपली खपली, म्हणजे टरफलासकट निघणारा जुना गहू. काळ्या तांबेऱ्याला दाद न देणारी म्हणून तिचं बी अमेरिकेत गेलं आणि तिथे बुरशीचे प्रकार ओळखण्याच्या प्रमाण संचात तिला जागा मिळाली. एसआर १३ आणि एसआर १४ ही जनुकं तिच्यातून ओळखली गेली. उत्पादनात ती मागे आहे, शिवाय कोंडा काढायची कटकट.

चाचण्यांबद्दल एक तांत्रिक मुद्दा, कारण यात फसगत फार होते. वाणाच्या सरासरीतली अनिश्चितता चार वाटांनी येते: वाण आणि ठिकाण यांच्या मेळातून, वाण आणि वर्ष यांच्या मेळातून, तिघांच्या मेळातून, आणि वाफ्यावाफ्यातल्या फरकातून. एकाच शेतात पुनरावृत्त्या, म्हणजे त्याच वाणाचे वाफे, तीनच्या सहा केल्या, तर फक्त शेवटची कमी होते. ठिकाणं वाढवली की पहिली, तिसरी आणि चौथी कमी होतात. दुसरी कमी करायला वर्षंच जावी लागतात, ती पैशानं विकत मिळत नाहीत. एका गावातल्या एका हंगामाच्या जोरावर 'दुप्पट उत्पादन' अशी बातमी आली की म्हणूनच आधी विचारावं: पाण्याच्या पाळ्या किती, पेरणी कधीची, शेजारी जुना वाण त्याच दिवशी पेरला होता का? तुलनेचा जुना वाण शेजारी नसेल, तर ते आकडे वाणाचे की पावसाळ्याचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

स्वतःच्या रानापुरता याचा निकाल लावणं अवघड नाही. दोन नवे वाण आणि एक माहितीतला, असे तीन घ्यावेत. बांध, झाडाची सावली आणि पाटाची कड सोडून, शेताच्या पूर्ण लांबीचे सारख्या रुंदीचे पट्टे पाडावेत. बी वेळेवर हेक्टरी १०० किलो, उशिरा १२५, जिरायतीत ७५. तिन्ही वाणांना त्या-त्या पेरणीचं प्रमाण सारखंच, खतही सारखंच. जमल्यास हेच तीन पट्टे पंधरा दिवसांनी पुन्हा पेरावेत. महाराष्ट्रात खरी परीक्षा तीच. काढणीला पट्ट्याच्या कडेच्या ओळी सोडून, मधल्या चार ओळींची पाच मीटर लांबी तीन जागी कापावी. वीस सेंटिमीटर अंतरावर चार ओळी म्हणजे ८० सेंटिमीटर रुंदी, गुणिले पाच, चार चौरस मीटर. मळून, दाणा दाताखाली कटकन तुटेल इतका वाळवून वजन करावं. चार चौरस मीटरमधले एक किलो म्हणजे हेक्टरी पंचवीस क्विंटल. तिन्ही जागांत खूप तफावत आली तर ती जमिनीची, वाणाची नव्हे. तो पट्टा हिशेबातून वगळावा. वजनासोबत ओंब्या, दाणे आणि हजार दाण्यांचं वजन वहीत लिहावं, आणि त्यापुढे पेरणीची तारीख नि प्रत्येक पाण्याचा दिवस.

गहू स्वपरागित आहे. निवडलेल्या वाणाचं घरचं बी वेगळं मळून, भेसळीची उंच ताटं उपटून टाकली, तर दोन-तीन हंगाम बिनधास्त वापरता येतं. फक्त सगळं रान एकाच वाणाखाली घालू नये. पाणी खात्रीचं आहे तेवढ्या तुकड्यावर जोमाचा वाण, आणि ज्या तुकड्याचं शेवटचं आवर्तन दर वर्षी अडकतं तिथे लवकर येणारा.